दाराशी एक बाकडं असू द्या




नाताळ महिन्यावर आला की आपल्या घरांत रंगाचे डबे येतात, पडदे उतरतात, माळ्यावरची चांदणी खाली काढली जाते. पाहुणे येणार म्हणून घर कसं दिसेल याची काळजी सुरू होते. मी पांढुर्ण्यात राहणारी निवृत्त शिक्षिका. माहेर सौसरचं. घर आपल्या माणसांना आणि येणाऱ्याला दोघांनाही बरं वाटावं, यासाठी काय करता येतं याबद्दल थोडं लिहावंसं वाटलं. मोठा खर्च नाही, साध्याच गोष्टी आहेत. पण आधी माझी चूक सांगते, कारण जे काही शिकले ते त्या चुकीतूनच.

आमचं जुनं घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलू. समोर ओसरी, तिच्यात सागवानी बंगई. दुपारी जेवणं आटोपली की सासूबाई ओसरीत बसायच्या. शेजारच्या तीन-चार जणी यायच्या. कोणी तूर निवडायला आणायची, कोणी शेंगा फोडायला, कोणी नुसतीच. त्यात एक आजी होत्या, आमच्या घरापलीकडे राहणाऱ्या. त्यांचं वावर गावाबाहेर. तिकडून परतताना हातात कधी मेथीची जुडी, कधी चार वांगी. "घे वं," म्हणून ओसरीत ठेवायच्या आणि बसायच्या. त्या आमच्या मंडळीतल्या नव्हत्या, आम्ही त्यांच्या देवळातले नव्हतो. चाळीस वर्षं ओसरीत ही गोष्ट कोणाला आठवलीही नाही.

२०१६ मध्ये आम्ही ते घर पाडलं आणि सिमेंटचं बांधलं. दर पावसाळ्यात कवेलू फेरण्याचा कंटाळा आला होता, मुलांनाही लाज वाटायची. नवीन घराला लोखंडी गेट आलं, पांढरी चकचकीत फरशी आली, सोफा आला, काचेचा टीपॉय आला. ओसरीची जागा गाडी ठेवायला गेली. दारावर मी स्वतः पाटी लावली, "चपला बाहेर काढाव्या". वीस वेळा फरशी पुसायचे. लोक घर बघायला आले, वाहवा झाली. पाळकसाहेबांनी येऊन प्रार्थना केली. आणि मग हळूहळू कोणी येईनासं झालं.

खरं सांगते, मला ते लवकर कळलंच नाही. वाटलं, ज्याला त्याला आपापली कामं. सासूबाई मात्र एक प्लास्टिकची खुर्ची ओढून गेटजवळ बसू लागल्या. गजांतून रस्त्याकडे बघत. मी म्हणायचे, "आई, आत पंख्याखाली बसा ना." त्या म्हणायच्या, "इथंच बरं वाटते." दोन वर्षांनी त्या अंथरुणाला खिळल्या. चार महिने. रोज संध्याकाळी एकच विचारायच्या, "आज कोनी आलं होतं काय?"

त्या गेल्या त्या दिवशी सगळ्या आल्या. पलीकडच्या आजीही आल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "बाई, मी त रोज आली असती वं. पन तुमच्या त्या पांढऱ्या फरशीवर पाय ठेवाले भेव लागे मले. वावरातून आलेले पाय माह्ये."

त्यावर मी काय बोलणार होते? पाटी माझ्याच हातची होती.

नंतर बरेच दिवस मला लक्ष्मीबाई टिळकांची आठवण यायची. 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे, १९३४ पासून भागाभागाने आलेलं हे पुस्तक शाळेत मी मुलांना शिकवलंही आहे. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. त्या घरातली माणसं त्या सोवळ्यापायी किती शिणली हे त्यांनी हसत हसत लिहिलंय, पण वाचताना घशात येतं. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या काळात त्या स्वतःशी किती झगडल्या ते त्यांनी लपवलेलं नाही. आणि पुढे त्याच बाईंच्या अहमदनगरच्या घरात विद्यार्थी, अनाथ मुलं, वाटसरू, कोण कोण राहून गेलं. पैसा कधीच पुरेसा नव्हता. जागा मात्र निघत गेली. हे शिकवताना मी वर्गात मोठ्या तोंडाने म्हणायचे, "बघा मुलांनो, सोवळं सुटलं की घर मोठं होतं." आणि माझ्या घरात मी फरशीचं सोवळं आणून बसवलं होतं. जातीचं नाही, धर्माचं नाही, पण परिणाम तोच. ज्याचे पाय मातीचे, तो बाहेर.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की घर सजवताना आपण एक प्रश्न विचारावा. आपल्याकडे येणारा सगळ्यात साधा माणूस, शेतातून थेट येणारा, गुडघे दुखणारा, जुनी चप्पल घातलेला, तो इथे न संकोचता बसेल का? तो बसला तर बाकी सगळे बसतातच. घरातली म्हातारी माणसं आणि पोरंही मोकळी होतात. कारण ज्या घरात पाहुण्याला जपून वागावं लागतं, त्या घरात घरच्यांनाही जपूनच वागावं लागतं.

बायबलमध्ये शुनेमच्या बाईची गोष्ट आहे, दुसरे राजे, चौथा अध्याय. अलीशा संदेष्टा तिच्या गावावरून जायचा. तिने ते पाहिलं, आणि नवऱ्याला सांगून गच्चीवर एक लहान खोली बांधून घेतली. आत काय ठेवलं? पलंग, मेज, बसायला आसन आणि दिवा. बस्स, चारच वस्तू. ती श्रीमंत बाई होती, गालिचे टाकू शकली असती. पण थकून आलेल्या माणसाला काय लागतं हे तिने बघितलं होतं. पडायला जागा, टेकायला जागा, सामान ठेवायला जागा, आणि उजेड. मी आता घराकडे त्या चार वस्तूंच्या हिशेबाने बघते.

आता प्रत्यक्ष काय केलं ते सांगते.

पहिलं, बाकडं. जुन्या घराची सागवानी लाकडं मागच्या अंगणात पडून होती. सुताराला बोलावून त्यातून एक बाकडं करून घेतलं आणि गेटच्या आत, सावलीत ठेवलं. मजुरीचे ७०० रुपये लागले. ओसरी परत बांधता आली नाही, पण बाकडं हीच छोटी ओसरी. त्याचा फायदा असा की ज्याला आत यायचं नाही, घाई आहे, पाय मळलेले आहेत, त्यालाही बसता येतं. 'आत या' म्हटलं की माणूस विचार करतो. 'बसा' म्हटलं की बसतो. ज्यांच्याकडे गेट नाही, अंगण नाही, त्यांनी दारापाशी दोन पाट किंवा एक खाट ठेवली तरी तेच काम होतं. पूर्वीच्या मिशन बंगल्यांचे ते रुंद व्हरांडे आठवा. अर्धी कामं, अर्ध्या गोष्टी तिथेच व्हायच्या.

दुसरं, पाणी. बाकड्याशेजारी माठ. मातीतून पाणी झिरपतं, वाऱ्याने सुकतं, आणि त्यातच आतलं पाणी गार होतं. म्हणून माठ सावलीत पण वारा लागेल असा ठेवावा, कोपऱ्यात कोंडू नये. लांब दांड्याचा पेला ठेवावा, म्हणजे कोणाला संकोच नको. एक बालदी पाणी आणि तांब्या पाय धुवायला. पाय धुवायला पाणी मिळालं की मातीच्या पायांचं भेव जातं. पाहुण्याच्या पायांना पाणी देणं तर अब्राहामाच्या काळापासूनचं आहे, आणि आपल्या खेड्यांतही दारात पाण्याचा तांब्या घेऊनच सामोरं जात. फरशीवर दारापासून आतपर्यंत एक जाडी सतरंजी अंथरली. तिने दोन कामं केली. चकचकीत फरशीवर ओल्या पायाने घसरायची भीती गेली, आणि सिमेंटच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमायचा तो कमी झाला. घुमणाऱ्या खोलीत म्हाताऱ्या माणसांना बोलणं नीट ऐकू येत नाही, हे आम्हाला सतरंजी टाकल्यावर कळलं.

तिसरं, बसणं. सोफा खोल आणि बुटका. त्यात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला उठताना हात द्यावा लागतो, आणि हात मागायची लाज वाटते म्हणून तो बसतच नाही. साधी, हात असलेली, साधारण दीड फूट उंचीची लाकडी खुर्ची गुडघेदुखीवाल्याला सगळ्यात सोयीची. अशा दोन आणल्या, जुन्याच. दुसरं म्हणजे सगळी आसनं टीव्हीकडे तोंड करून होती. ती फिरवली, एकमेकांसमोर केली. एक पैसा खर्च नाही. पहिल्या आठवड्यात नातू कुरकुरला. मग तोच मध्ये बसून शाळेतल्या गोष्टी सांगायला लागला.

चौथं, उजेड. आमच्या बैठकीत पांढरेफटक एलईडी होते, दवाखान्यात असतात तसे. दिव्याच्या खोक्यावर केल्विन म्हणून आकडा असतो. ६५०० असेल तर उजेड पांढरा-निळसर, २७०० किंवा ३००० असेल तर जुन्या बल्बसारखा पिवळसर. किंमत जवळपास सारखीच. अभ्यासाच्या टेबलावर आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर पांढरा ठीक आहे, पण संध्याकाळी बसायच्या जागी ९ वॉटचा एक पिवळसर दिवा लावून बघा. माणसांचे चेहरे बरे दिसतात. दाराबाहेरचा दिवा मात्र अंधार पडला की लावलाच पाहिजे. बंद दिव्याच्या दाराशी कोणी थांबत नाही.

पाचवं, ऊन आणि थंडी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. कवेलूच्या फटींतून गरम हवा निघून जायची, सिमेंटचा स्लॅब मात्र दिवसभर तापतो आणि रात्री उष्णता खाली सोडतो. अशा घरात पाहुणा बसेल कसा आणि घरचे तरी झोपतील कसे? उन्हाळ्याआधी गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्यावे. पांढरा रंग ऊन परतवतो, फरक हाताला जाणवतो. कूलर लावला तर समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी. पुष्कळ घरांत सगळं बंद करून कूलर लावतात, मग दमटपणा कोंडतो आणि अंग चिकचिकतं. हिवाळ्यात उलट. जुन्या लुगड्यांच्या वाकळी फेकू नका. आमच्या सासूबाईंनी शिवलेल्या तीन वाकळी मी नवीन घरात आल्यावर पेटीत टाकल्या होत्या, 'जुनाट दिसतात' म्हणून. आता पाहुण्याला त्याच देते. गेल्या जानेवारीत नागपूरहून आलेली भाची म्हणाली, "मावशी, ब्लँकेट नको, मला ते आजीचं दे."

सहावं, खाणं. इथे मला जरा कडक बोलायचं आहे. आपण आदरातिथ्य म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा एक बाई चार तास चुलीपाशी उभी असते आणि बाकीचे बैठकीत हसत असतात. ज्या घरात सुनेला पाहुण्याचं नाव ऐकून धडकी भरते, ते घर पाहुण्यासाठी उघडं आहे असं मी मानत नाही. बेथानीची मार्था आठवते ना? कामाने वैतागलेली. तिची तक्रार खरीच होती. उपदेश आपण मार्थेला करतो, पण घरातल्या पुरुषांनी उठून पाणी भरावं, चहा ठेवावा, कपबशा विसळाव्या, हे कोणी सांगत नाही. आमच्याकडे आता नियम आहे. चहा आमचे हे करतात. आधी साखर जास्त पडायची, आता जमतो.

आणि पदार्थ साधा असावा. आपल्या भागात याची तर चंगळ आहे. आत्ता आंबिया बहाराची संत्री निघाली आहेत, ती संपत नाहीत तोवर फेब्रुवारी-मार्चला मृग बहार येतो. टोपलीत दहा संत्री ठेवली की पाहुण्याची सोय झाली. सोलत सोलत माणूस जास्त वेळ बसतो, हा माझा अनुभव आहे. जेवायला थांबलाच कोणी तर झुणका-भाकर, कढी, वांग्याची भाजी. पोळ्याला आणि दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीला जाम नदीच्या दोन्ही काठांवर, पांढुर्ण्यात आणि सावरगावात, घरं पाहुण्यांनी भरतात. तेव्हा कोणाकडे वीस जणांचे पलंग असतात? सतरंज्या पडतात, पंगत बसते, होऊन जातं. ते एका दिवसाचं शहाणपण वर्षभर का टिकू नये?

आता काहीजण म्हणतील, बाई, जमाना बदलला. चोऱ्या होतात, दोघंही नोकरी करतात, पोरांच्या परीक्षा असतात, दार उघडं ठेवून कसं चालेल? अगदी बरोबर आहे. मीही गेट काढून टाकलेलं नाही. रात्री कुलूप लावते. चोवीस तास दार उघडं ठेवा असं मी म्हणतच नाही. आठवड्यातली एक वेळ ठरवा. आमच्याकडे रविवारी संध्याकाळी पाच ते सात. सगळ्यांना माहीत आहे की त्या वेळी आम्ही घरी आहोत आणि बाकडं रिकामं आहे. बाकी दिवशी थकलो असू तर तसं सांगतो. स्पष्ट सांगितलं तर माणसं समजून घेतात. न सांगता तोंड वाकडं केलं तर मात्र परत येत नाहीत. आणि ज्यांचं घर दोनच खोल्यांचं आहे त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. मी पाहिलेली सगळ्यात मोकळी घरं दोन खोल्यांचीच आहेत.

अजून एक गोष्ट. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौसर त्यात आलं. नवी कार्यालयं, बदलीवर येणारे कर्मचारी, भाड्याच्या खोल्यांत राहणारी तरुण मुलं-मुली. आमच्याच गल्लीत दोन कुटुंबं आली. एक बाई हिंदी बोलणारी, मराठी येत नाही, नवरा दिवसभर ऑफिसात, कडेवर लहान मूल. आपल्या गावात अर्ध्या घरांत मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात बोलतात, तेव्हा भाषेची अडचण ती काय? पण बोलवायचं कोणी, हा प्रश्न असतो. घर स्वागताचं आहे की नाही याची परीक्षा नातेवाइकांवरून होत नाही, ते तर येणारच. ज्याला आपल्याकडे यायचं काही कारणच नाही, तो येतो का, यावरून होते. त्या बाईला मी बाकड्यावर बसवून संत्रं दिलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून वाटीभर खीर घेऊन आली. तिचं मूल आता आमच्या सतरंजीवर रांगतं आणि आमचे हे त्याच्यामागे पळतात.

पलीकडच्या आजींचं काय, असं कोणी विचारेल. बाकडं ठेवलं त्याच्या तिसऱ्या दिवशी त्या रस्त्याने जाताना थांबल्या. मी काही बोलले नाही, फक्त सरकून जागा केली. बसल्या. पाय वर घेतले. बंगईचं लाकूड ओळखलं त्यांनी, हात फिरवून बघितला. मग म्हणाल्या, "तुही सासू असती त किती खूश झाली असती." आम्ही दोघी बराच वेळ गप्प बसलो. आता त्या आठवड्यातून तीन-चारदा तरी येतात. कधी आत येतात, कधी येत नाहीत. पायांना माती असली तरी येतात. फरशी मी दिवसातून एकदाच पुसते.

जे सासूबाईंच्या वेळी करायला हवं होतं ते मी उशिरा केलं, आणि त्याची रुखरुख राहणारच. हे पत्र त्यासाठीच लिहिलं. तुमच्याही घरात कोणी गेटजवळ खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसत असेल, तर या नाताळाआधी रंगाच्या डब्याला जरा थांबवा. आधी एक बाकडं बघा, माठ बघा, दाराचा दिवा बघा. आणि त्या खुर्चीतल्या माणसाला विचारा, की पूर्वी तुमच्याकडे कोण कोण यायचं. त्यांतल्या एकाला तरी निरोप पाठवा.

आमच्याकडेही या. रविवारी, पाच ते सात. चपला घालून आलात तरी चालेल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पांढुर्णा